तोफेचा आवाज आणि डोंगरावरचा दिवा

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव पैनगंगेच्या खोऱ्यात, सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाजवळ वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पृथ्वीचा नेमका आकार ठरविण्यासाठी भारतात जी प्रचंड मोजणी झाली, तिची मुख्य ओळ याच रेखांशालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे गेली. विल्यम लॅम्बटन यांनी ती आरंभिली. हैदराबादेहून नागपूरकडे जात असता वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे 20 जानेवारी 1823 रोजी त्यांचे निधन झाले; त्यांची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हाती घेतले. बिदरकडील दामरगिड्डा, अचलपूरजवळचे टाकरखेडा आणि उत्तरेत सिरोंज अशी त्यांची साखळी होती. महागावचा अक्षांश या साखळीतच येतो.

या मोजणीचे खरे साधन होते प्रकाश. अर्ध्या टनाचे थिओडोलाइट यंत्र टेकडीवर चढवायचे आणि दूरच्या टेकडीवरील निशाणाचा वा दिव्याचा कोन टिपायचा. तोफ डागून हे काम का झाले नसते? देवळातली वा चर्चमधली घंटा वाजली तर ती साधारण कोणत्या दिशेला आहे हे आपण सांगू. कोनाचा सूक्ष्म भाग मात्र सांगता येणार नाही. माणसाच्या आवाजातील लाटांची लांबी एक मीटरच्या आसपास असते, प्रकाशाच्या लाटेची मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही सुमारे निम्मी. म्हणून आवाज भिंतीला वळसा घालून येतो आणि दिव्याची सावली मात्र रेखीव पडते. ही सावलीसुद्धा कडेला किंचित पुसट असते, प्रकाशही थोडासा वळतो, हे बोलोन्याचे येशूसंघीय फादर ग्रिमाल्दी यांनी दाखविले. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1665 मध्ये प्रसिद्ध झाला.

लॅम्बटन यांच्या कामाची पहिली पायारेषा 1802 च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथे मोजली गेली. प्रेषित संत थॉमस याच डोंगरावर हुतात्मा झाले अशी परंपरा आहे. या डोंगराने विज्ञानाला आणखी एक देणगी दिली, आणि ती आवाजाची. मद्रास वेधशाळेचे जॉन गोल्डिंगहॅम यांनी 1820–21 मध्ये माउंटवरील आणि सेंट जॉर्ज किल्ल्यातील तोफांचा उपयोग करून घेतला. माउंट वेधशाळेपासून सुमारे 9 किलोमीटर, किल्ला सव्वाचार. तोफेचा लखलखाट दिसताच वेळ मोजायला लागायचे आणि धडाका कानी येताच थांबायचे. माउंटवरचा आवाज यायला सुमारे 26 सेकंद लागत. प्रकाशाला तेवढेच अंतर तोडायला सेकंदाचे तीन लक्षांश पुरतात. म्हणजे प्रकाश जणू वेळ न घेताच आला असे खुशाल धरावे! गोल्डिंगहॅम यांनी तापमान, हवेचा दाब आणि वारा यांच्याही नोंदी ठेवल्या व सारे 1823 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले.

ही युक्ती त्यांच्याही आधी दोनशे वर्षांची. पॅरिसचे मिनिम संघाचे संन्यासी मेर्सेन आणि धर्मगुरू गासेंदी यांनी ती वापरली होती. त्यांचे आकडे जास्तच आले. परंतु बारीक आवाज जाड आवाजाहून लवकर पोहोचतो ही जुनी समजूत गासेंदींनी बंदूक आणि तोफ यांची तुलना करून खोडून काढली. न्यूटनच्या गणिताने आलेला वेग प्रत्यक्षाहून सुमारे 15 टक्क्यांनी कमी पडत असे. दाबली जाणारी हवा क्षणभर तापते हे लक्षात घेऊन लाप्लास यांनी 1816 मध्ये ती तूट भरून काढली.

आवाजाला हवा, पाणी, लाकूड असे काहीतरी लागतेच. येशूसंघीय विद्वान फादर किर्खर यांनी 1650 मध्ये छापलेल्या ग्रंथात निर्वात समजल्या जाणाऱ्या नळीत घंटा वाजवल्याचा प्रयोग दिला आहे. घंटा ऐकू आली, तेव्हा तिथे पोकळी नाहीच असा त्यांनी निष्कर्ष काढला. तर्क चोख होता. आवाज घंटेच्या आधारदांडीतून बाहेर येत होता, एवढेच निसटले. प्रकाशाला अशा आधाराची गरज नाही, नाहीतर आपल्याला सूर्यच दिसला नसता.

एका बाबतीत मात्र दोघांचे वागणे सारखे. थंड हवेत दोघेही मंदावतात: आवाज दर अंशाला सेकंदामागे सुमारे 0.6 मीटरने, प्रकाश अगदी नाममात्र. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि दोघेही खाली, जमिनीकडे झुकतात. म्हणूनच दिवसा क्षितिजाआड दडलेले दिवे रात्री वर उचलल्यासारखे दिसत, आणि एव्हरेस्ट यांनी रात्रीच्या वेधांवर भर दिला. दूरच्या गावातले भजन रात्री स्पष्ट ऐकू येते त्याचेही कारण हेच.

मृगाच्या दुपारी याच्या उलट घडते. तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळतो, त्यामुळे पंधरा-वीस किलोमीटरपलीकडची वीज दिसते पण गडगडाट ऐकूच येत नाही. ऐकू आलाच, तर चमक आणि आवाज यांमधले सेकंद मोजून तीनने भागावेत, किलोमीटर मिळतात. विदर्भात शेतात वीज पडून दरवर्षी माणसे दगावतात. आकडा तीस सेकंदांच्या आत असेल तर झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये.