स्पोर्टिंग स्टार (साप्ताहिक)

स्पोर्टिंग स्टार हे बंगळूर येथून प्रसिद्ध होणारे, बक्षिसी शब्दकोड्यांसाठी ओळखले जाणारे साप्ताहिक होते. त्यातील स्पर्धांवरून उद्भवलेल्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षित व्यवसाय नसल्याचा निर्णय दिला.

स्वरूप

आर. एम. डी. चमारबागवाला व त्यांची आर. एम. डी. सी. (म्हैसूर) ही कंपनी शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालवीत. सोडवलेल्या प्रवेशपत्रिका शुल्कासह पाठवाव्या लागत. साप्ताहिकाचा मुंबई राज्यात मोठा खप होता व तेथे प्रवेशपत्रिका गोळा करणारे अभिकर्तेही होते.

साध्या शब्दकोड्याला बहुधा एकच नेमके उत्तर असते. बक्षिसी कोड्यांत मात्र अनेकदा एकाहून अधिक शब्द लागू पडत. उदाहरणार्थ, ‘दुःखितावर … करावी’ येथे ‘दया’ व ‘माया’ हे दोन्ही शब्द अर्थाने व अक्षरसंख्येने बसतात. चालकांनी आधीच ठरवलेल्या उत्तराशी जुळणारे उत्तर तेवढे योग्य ठरे. त्यामुळे अशा कोड्यात भाषाज्ञानापेक्षा अंदाजाला महत्त्व येई.

कायदा व खटला

मुंबई राज्याच्या १९४८ च्या सोडत व बक्षीस स्पर्धा अधिनियमातून राज्याबाहेर छापली जाणारी वृत्तपत्रे वगळलेली होती. १९५२ च्या दुरुस्तीने ही सवलत काढून परवाना व कर लागू केला. उच्च न्यायालयात चालकांच्या बाजूने निकाल लागला. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकालपत्रात ऋग्वेद व महाभारतातील द्यूतनिंदेचाही दाखला दिला.

त्याच दिवशी केंद्राच्या १९५५ च्या बक्षीस स्पर्धा अधिनियमाविषयीही निकाल लागला. या अधिनियमाने महिन्याच्या एकूण बक्षिसांवर १,००० रुपयांची मर्यादा घातली होती. ज्या स्पर्धांतील यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, त्यांना हे निर्बंध लागू नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यामुळे सोडती व बक्षीस स्पर्धांवरील करासाठी राज्याने १९५८ मध्ये केलेला नवा अधिनियम तत्कालीन चांदा जिल्ह्यालाही (सध्याचे चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे) लागू झाला.

प्रभाव

कौशल्य की नशीब, ही कसोटी पुढे रमी (१९६७) व घोड्यांच्या शर्यती (१९९६) यांविषयीच्या निकालांत वापरली गेली. संसदेच्या २०२५ च्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर हा भेद न पाहता बंदी घातली.