कोयनाकाठचा मुक्काम आणि ताई तेलीण

कराडला प्रीतिसंगमावर आपण सगळ्याच जातो. तिथे कृष्णेला समोरून येऊन भेटणारी कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि दाट जंगलातून वाट काढत येते. त्याच कोयनेच्या काठी, बामणोली-तापोळ्याकडे, हल्ली तंबू लागतात. शहरातली माणसे पैसे भरून मुक्कामाला येतात आणि म्हणतात, काय निर्जन जागा आहे!

ती पहिल्यापासून निर्जन नव्हती. आज तेच सांगायचे आहे.

बामणोलीहून होडीत बसले की तासा-दीड तासात वासोट्याचा पायथा येतो. सुमारे 1806 मध्ये कराडचे पंत प्रतिनिधी मसूरला अटकेत होते. ताई तेलिणीने वासोटा ताब्यात घेतला, माणसे जमवली आणि प्रतिनिधींना सोडवले. पुढे पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांनी प्रतिनिधींना हरवून पुन्हा धरले, तरी ताईने गड सोडला नाही. आठेक महिने ती झुंजली. धान्याच्या कोठाराला आग लागली, तेव्हा कुठे गड पडला. ती प्रतिनिधींची लग्नाची बायको नव्हती. पुस्तकांत तिला दोन ओळी मिळतात, त्यातली एक बहुधा हेच सांगण्यात जाते! आम्हाला मात्र आठ महिने गडावरच्या माणसांना धान्य पुरवून वाटणारी बाई दिसते.

1818 मध्ये इंग्रजांनी वासोटा घेतला. खोऱ्यातली गावे मात्र नांदतच होती. 1960 नंतर कोयना धरणात पाणी साठू लागले आणि शिवसागराखाली घरे, शेते, देवळे गेली. माणसे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे पांगली. एका गावातल्या जावा-नणंदा वेगवेगळ्या जिल्ह्यांत जाऊन पडल्या. इथल्या पाण्यावर वीज झाली, पण जमिनीच्या हक्कासाठी त्यांची नातवंडेही मोर्च्यात बसली. 1985 मध्ये अभयारण्य झाले, 2010 मध्ये व्याघ्र प्रकल्प, 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव. जंगल राखले हे चांगलेच झाले. पण तिथला शांतपणा कुणीतरी उठून गेल्यामुळे आलेला आहे.

गटाची सहल न्यायची असेल तर हिवाळा बरा. वासोट्याला वनखात्याची परवानगी लागते, आणि संध्याकाळच्या आत परत यावे लागते. गडावर मुक्काम करता येत नाही. रात्री काठावर भाकरी वाढणाऱ्या बाईला तिचे जुने गाव कुठे होते ते जरूर विचारा. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या शेतांची जमीन उघडी पडते, आणि काही जण त्या गाळात पेरणीही करतात.