रिकाम्या उत्तराचा इतिहास

छत्तीसगडसाठी हवामानाचे इशारे देणारे केंद्र रायपूरला आहे, आणि ते भारतीय हवामान विभागाच्या नागपूर येथील प्रादेशिक केंद्राच्या कक्षेत येते. इशाऱ्यांच्या बाबतीत विदर्भ आणि छत्तीसगड असे एकाच छपराखाली नांदतात. रोवणीसाठी भातखाचरात उतरलेल्या माणसाला विजेचा इशारा वेळेत मिळायला हवा. पण त्याच्या कानी पडण्यापूर्वी तो कित्येक संगणकांना वाचावा लागतो. या वाचनासाठी घडलेल्या भाषेत एक उणीव आरंभापासून राहून गेली आहे.

इशारा लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणजे कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, संक्षेपाने ‘कॅप’. ओएसिस या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आणि आज प्रचलित असलेली १.२ ही आवृत्ती २०१० मध्ये स्वीकारली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी सी-डॉटने उभारलेली ‘सचेत’ ही यंत्रणा याच प्रमाणावर चालते. कॅपचा प्रत्येक संदेश हा एक एक्सएमएल दस्तऐवज असतो. सर्वांत बाहेर ‘अलर्ट’, त्याच्या पोटात ‘इन्फो’, त्याच्या पोटात ‘एरिया’ आणि तेथे क्षेत्राची सीमा सांगणारा ‘पॉलिगॉन’. या सीमेत अक्षांश आधी आणि रेखांश नंतर लिहायचा असतो. रायपूर साधारण २१.२५ उत्तर, ८१.६३ पूर्व येथे आहे. ही जोडी उलटी वाचणाऱ्याचे रायपूर स्वालबार्डच्याही उत्तरेस, आर्क्टिक महासागरात जाऊन पडते.

अशा एकात एक बसवलेल्या दस्तऐवजातून नेमका घटक कसा काढावा, हा प्रश्न एक्सएमएलच्या जन्माबरोबरच उभा राहिला. एक्सएमएल १.० हे प्रमाण १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध झाले. त्या वेळी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियममध्ये दोन कामे शेजारी शेजारी चालू होती. दस्तऐवजाचे रूपांतर करणाऱ्या एक्सएसएलटीला घटक निवडायचे होते. दस्तऐवजाच्या आतल्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या एक्सपॉइंटरलाही तेच हवे होते. दोघांनी वेगवेगळे व्याकरण रचण्याऐवजी सामाईक भाग बाजूला काढला गेला आणि जेम्स क्लार्क व स्टीव्ह डिरोज यांच्या संपादनाखाली १६ नोव्हेंबर १९९९ रोजी एक्सपाथ १.० प्रसिद्ध झाले. संगणकातील फाइलचा पत्ता जसा तिरप्या रेघांनी लिहितात, तसाच हा मार्ग: /अलर्ट/इन्फो/एरिया. चौकटी कंसात अट घालता येते. ओळीमागून ओळ चाळणारा कार्यक्रम लिहिण्याऐवजी काय हवे ते एका ओळीत सांगायचे, एवढीच ही कल्पना. तिचे यश या साधेपणातच आहे.

वेबच्या जगात ती सर्वसामान्यांच्या हाती पडली ती पीएचपीमुळे. जुलै २००४ मध्ये आलेल्या पीएचपी ५ ने सिंपलएक्सएमएल हा सुटसुटीत विस्तार सोबत आणला. त्याच्या मुळाशी डॅनियल व्हेयार यांचे लिबएक्सएमएल२ हे ग्रंथालय होते. चार ओळींची स्क्रिप्ट लिहून कोणीही विद्यार्थी इशाऱ्यांचा दस्तऐवज उघडू शकतो आणि वर दिलेला मार्ग चालवू शकतो. कॅपच्या बाबतीत त्याला उत्तर मिळते ते रिकामे.

कारण जानेवारी १९९९ मधील दुसऱ्या एका प्रमाणात आहे. एकाच नावाचे घटक निरनिराळ्या संस्थांच्या दस्तऐवजांत आले तर गोंधळ होऊ नये म्हणून नावांना ‘नेमस्पेस’ देण्याची सोय करण्यात आली. नावाला कुळ मिळाले म्हणा. कॅपचे घटक अशा कुळात असतात, परंतु दस्तऐवजात प्रत्येक नावापुढे ते लिहिलेले नसते. वर एकदा सांगितले की सर्वांना लागू होते. एक्सपाथ १.० मात्र उपसर्गाविना लिहिलेले ‘अलर्ट’ म्हणजे कोणत्याच कुळात नसलेले ‘अलर्ट’ असे समजते. डोळ्यांना नाव तेच दिसते, यंत्राला ते परके असते. आधी कुळाची नोंद करून उपसर्ग लावला की मार्ग चालतो.

चूक उमगेपर्यंतची अवस्था मात्र गंभीर असते. व्याकरण बिघडले तर पीएचपी तक्रार करते आणि ‘असत्य’ परत देते. नाव जुळले नाही तर तक्रार न करता रिकामी यादी देते. साध्या ‘जर’च्या कसोटीवर तर पीएचपीत रिकामी यादी आणि असत्य एकच ठरतात. म्हणजे ‘आज इशारा नाही’ आणि ‘इशारा आहे, पण प्रश्न चुकीचा विचारला’ या दोन गोष्टी एकाच शांततेने व्यक्त होतात. पुस्तकांच्या सूचीत हे खपून जाईल. विजेच्या इशाऱ्यात खपत नाही.

भाषेच्या निवडीतही तीच शांतता आहे. कॅपमध्ये प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र ‘इन्फो’ ठेवता येतो. हिंदीचा संकेत ‘एचआय’ असाही असू शकतो आणि पुढे देशाचे चिन्ह जोडूनही. पूर्ण समानतेची अट घातली तर दुसरा निसटतो. संकेत लिहिलाच नसेल तर प्रमाणानुसार तो मजकूर अमेरिकन इंग्रजी मानायचा असतो, मग आत शुद्ध हिंदी का असेना!

सर्वांत सूक्ष्म फसगत राज्याच्या नावातच दडलेली आहे. हिंदीत ते ‘छत्तीसगढ़’ असे लिहितात. यूनिकोडमध्ये शेवटचे अक्षर दोन प्रकारे साठवता येते: एकसंध, किंवा ढ आणि त्यामागून नुक्ता. पडद्यावर फरक दिसत नाही, परंतु एक्सपाथ १.० अक्षरांचे क्रमांक ताडून पाहते आणि दोन्ही भिन्न ठरवते. मराठीत ‘छत्तीसगड’ लिहिणाऱ्याला हा प्रश्न परका वाटेल. त्याने ‘गोऱ्हे’ हे नाव शोधून पाहावे. त्यातला रफार कोणी ‘ऱ’ने लिहितो, कोणी साध्या ‘र’पुढे हलन्त आणि अदृश्य जोडखूण देऊन.

जानेवारी २००७ मधील एक्सपाथ २.० ने अक्षररूपे एकसारखी करण्याचे फलन दिले. लिबएक्सएमएल२ मात्र १.० वरच थांबले आणि त्यासोबत पीएचपीचे हे विस्तारही. त्यामुळे ‘छत्तीसगढ़’चा इशारा शोधणाऱ्या स्क्रिप्टला दस्तऐवजातील मजकूर आणि शोधायचा शब्द दोन्ही आधी पीएचपीच्या नॉर्मलायझरमधून काढावे लागतात. त्या प्रमाणित रूपात ‘ढ़’ नेहमी सुटाच राहतो: आधी ढ, मग नुक्ता. ‘गोऱ्हे’ची अदृश्य जोडखूण मात्र नॉर्मलायझरही काढत नाही, ती हातानेच बदलून घ्यावी लागते.