शब्दार्थ : क्षरण, गंज आणि झीज

हवा, पाणी, क्षार किंवा आम्ल यांच्याशी रासायनिक क्रिया होऊन धातू हळूहळू नष्ट होणे, यास क्षरण असे म्हणतात. हिंदीत त्यासाठी संक्षारण ही संज्ञा रूढ आहे. मराठी वृत्तांत बहुधा 'गंज' हाच शब्द योजला जातो. मात्र गंज केवळ लोखंडाला आणि पोलादाला चढतो. तांब्यावर येणारा हिरवट थर किंवा चांदीचे काळवंडणे हे क्षरण होय, गंज नव्हे. घर्षणाने होते ती झीज, तर जमिनीची होते ती धूप.

हा भेद केवळ भाषेपुरता नाही. गुजरातमधील मोरबी येथे ३० ऑक्टोबर २०२२ रोजी झुलता पूल कोसळून १३५ जण मृत्युमुखी पडले. एका मुख्य केबलच्या ४९ पैकी २२ तारा गंजल्या होत्या, असे विशेष तपास पथकास आढळले. येथे 'गंजल्या' हेच क्रियापद योग्य ठरते. 'झिजल्या' असे लिहिल्यास दोष वापराकडे जातो आणि देखभालीचा प्रश्न दृष्टिआड होतो.

दिल्लीतील मेहरौलीचा लोहस्तंभ मात्र सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडातील फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला आहे. घरातील पितळी भांड्यांना असे कवच कल्हई देते.