एक घर, दोन नकाशे

मी सांगलीची. आमच्या घराच्या भिंतीवर पाण्याच्या दोन खुणा आहेत. खालची २००५ची, वरची २०१९ची. त्यामुळे ताई आणि दाजी न्यू यॉर्कमध्ये, जमैका उपसागराजवळ घर बघताहेत म्हटल्यावर मी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "तिथं पाणी येतं का गं?"

ताई म्हणाली, "एका नकाशाप्रमाणे येतं, दुसऱ्याप्रमाणे नाही."

मला वाटलं, थट्टा करतेय. मग वाचत गेले.

१९६५च्या बेट्सी चक्रीवादळानं लुइझियानाची वाताहत केली. खासगी कंपन्या पुराचा विमा द्यायला तयार नव्हत्या, म्हणून १९६८ साली अमेरिकी सरकारनं स्वतःच पूरविमा योजना आणली आणि त्यासाठी नकाशे आखले. दरवर्षी पूर येण्याची शक्यता निदान १ टक्का असेल, तो भाग धोक्याचा. १ टक्का किरकोळ वाटतो. पण गृहकर्जाच्या ३० वर्षांत तो साधारण २६ टक्के होतो. १९७३च्या कायद्यानं अशा भागातल्या घरावर बँकेचं कर्ज हवं असेल तर विमा सक्तीचा केला. नकाशावरची रेघ अशी घरखर्चात शिरली. नकाशाआधी बांधलेल्या घरांना मात्र हप्त्यात सवलत होती.

२००५च्या कॅटरिनानंतर योजना कर्जात बुडाली. जुलै २०१२मध्ये अमेरिकी संसदेनं सवलती काढून घेणारा कायदा केला आणि २९ ऑक्टोबरला न्यू यॉर्कवर सँडी वादळ आलं. शहराचा नकाशा तेव्हा मुख्यतः १९८३च्या माहितीवर चालत होता. सँडीनंतर नव्या नकाशाचा मसुदा आला, त्यात धोक्याच्या भागातल्या रहिवाशांचा आकडा जवळजवळ दुप्पट, ४ लाखांच्या घरात गेला.

लोक अजून घरातला चिखल काढत होते. त्यांच्यापुढे दोनच वाटा दिसत होत्या: वाढता हप्ता भरा, नाहीतर घर उचलून उंच करा. भिंतीला भिंत लागून असलेलं घर उचलणार कसं? ओरड झाली. मार्च २०१४मध्ये संसदेनं माघार घेतली आणि स्वतः राहत असलेल्या बहुतेक घरांच्या हप्त्याची वाढ वर्षाला १८ टक्क्यांवर रोखली. २०१५मध्ये शहरानं मसुद्यातल्या गणितालाच आव्हान दिलं. २०१६मध्ये केंद्रीय यंत्रणेनं नकाशा पुन्हा आखायचं मान्य केलं. तोवर विम्याच्या सक्तीला जुना नकाशा आणि बांधकामाला दोन्हींपैकी जो कडक असेल तो, अशी व्यवस्था झाली.

२०२१पासून हप्ता ठरवायची रीतही बदलली. आता घर पाण्यापासून किती दूर, किती उंच, पुन्हा बांधायला किती खर्च, हे बघतात. सक्ती मात्र अजून रेघेवरच ठरते.

ताईनं बघितलेलं घर जुन्या रेघेबाहेर, मसुद्यातल्या रेघेच्या आत. दाजी म्हणाले, "बँक मागत नाही, तर आत्ताच कशाला भरायचा?"

मी म्हटलं, "दाजी, नकाशा राहू द्या. सँडीत पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा."

शेजारच्या आजोबांनी तळघराच्या जिन्याची वरची पायरी दाखवली. त्यांच्या घरावरचं कर्ज केव्हाच फिटलंय, त्यामुळे त्यांना सक्ती नाही. पण पेन्शनमधून हप्ता भरायचा की पुढच्या पाण्याची जोखीम अंगावर घ्यायची, हे दरवर्षी त्यांनाच ठरवावं लागतं. खर्च टळत नाही. तो आधी द्यायचा की नंतर, एवढंच.

आमच्याकडे निळी आणि लाल पूररेषा बांधकामाची परवानगी ठरवते, विम्याची सक्ती करत नाही. २०१९ला आमचं भिजलेलं धान्य, कपाटं, वायरिंग, सगळं बाबांच्या बचतीतून उभं राहिलं.

ताई-दाजींनी घर घेतलं. सक्ती नसताना विमाही घेतला. तळघरातल्या बहुतेक सामानाला त्यात भरपाई नाही, हे वाचल्यावर ताईनं सगळ्यात आधी आईच्या पैठणीची पेटी वरच्या मजल्यावर नेली.