नर की मादी : कोंबडीच्या पिल्लाची पारख

अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या कोंबडीच्या पिल्लात नर कोणता आणि मादी कोणती, हे वरवर पाहून कळत नाही. तुरा, आवाज, शेपटी हे फरक काही आठवड्यांनंतर दिसू लागतात. घरी एखादी खुडूक कोंबडी रवणीला बसवणाऱ्या कुटुंबाचे त्यामुळे काही अडत नव्हते. पिल्ले मोठी होत, तलंगा अंड्यांसाठी राखल्या जात आणि कोंबडे सणाला, जत्रेला किंवा बाजाराला जात.

तरीही आधी ओळखण्याची उत्सुकता फार जुनी आहे. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, ही समजूत आजही ऐकू येते. प्राचीन रोममधला कृषिलेखक कोलुमेला हेच सांगत होता, तर त्याआधी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने नेमके उलटे लिहून ठेवले होते. दोन्ही मते चुकीची ठरली. पक्ष्यांमध्ये पिल्लाचे लिंग आईकडून ठरते. मादीत झेड आणि डब्ल्यू, तर नरात दोन्ही झेड गुणसूत्रे असतात. मादीच्या बीजांडात यांपैकी कोणते उतरते, यावर सारे अवलंबून असते. कवच त्यानंतर अंडनलिकेत तयार होते, म्हणून त्याच्या आकाराचा लिंगाशी संबंध नसतो.

हा प्रश्न व्यवसायाचा झाला तो उबवणी यंत्रे आल्यावर. एका वेळी हजारो पिल्ले निघू लागली. व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंड्यांसाठी पोसलेल्या जातीचा नर अंगाने हलका असतो, त्याच्यावर मांस फारसे चढत नाही. तुरा दिसेपर्यंत त्याला खाऊ घालणे म्हणजे जवळपास निम्मे खाद्य आणि निम्मी जागा वाया घालवणे होते.

यावर पहिला खात्रीचा उपाय जपानमध्ये सापडला. कियोशी मासुई, जुरो हाशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1920 च्या दशकात पिल्लाच्या अवस्कराचा, म्हणजे मलमूत्राच्या सामाईक द्वाराचा, अभ्यास केला. नराच्या या द्वाराच्या आतल्या कडेवर मण्यासारखा बारीक उंचवटा असतो. मादीत तो बहुधा नसतो, किंवा असला तरी चपटा आणि मऊ असतो. 1927 मध्ये कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेनंतर ही पद्धत बाहेरच्या देशांत माहीत झाली. 1930 च्या दशकात जपानी पारखी अमेरिका आणि युरोपातल्या उबवणी केंद्रांवर बोलावले जाऊ लागले.

हे काम पाहून वाटते तितके सोपे नाही. पिल्लू डाव्या हातात धरून आधी पोटातली विष्ठा हलकेच काढायची, मग अंगठ्याने द्वार उलगडून प्रखर दिव्याखाली क्षणात निर्णय घ्यायचा. उंचवट्याचे अनेक प्रकार असल्याने नजर तयार व्हायला महिनोन्महिने सराव लागतो. जन्मानंतर दिवसभरातच तपासणी उरकावी लागते, कारण पुढे फरक पुसट होतो. जास्त दाब पडला तर पिल्लाला इजा होते. कसलेला पारखी तासाला हजाराच्या आसपास पिल्ले पाहतो आणि त्याची चूक शंभरात क्वचितच होते.

दुसरा मार्ग आनुवंशिकीचा. केंब्रिजचे रेजिनाल्ड पनेट यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दाखवून दिले की काही रंग झेड गुणसूत्रावरून उतरतात. ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि लाइट ससेक्सची कोंबडी यांचा संकर केला, तर नर पिल्ले फिकट पिवळी आणि मादी पिल्ले तांबूस निघतात. पिसे लवकर किंवा उशिरा फुटण्याचा गुणही याच गुणसूत्रावर असतो. लवकर पिसे येणारा नर आणि उशिरा पिसे येणारी मादी यांच्या संकरात मादी पिल्लांच्या पंखाची मुख्य पिसे वरच्या आच्छादक पिसांपेक्षा लांब असतात, तर नरांत ती त्यांच्याएवढी किंवा आखूड असतात. पंख पसरला की फरक दिसतो, मात्र तो अशा जुळवलेल्या संकरापुरताच खरा. गावरान पिल्लांना हा नियम लावला तर फसगत होते.

भारतात आधुनिक कुक्कुटपालनाच्या वाढीत हैदराबाद आणि पुणे या दोन शहरांचा वाटा मोठा. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये उभारलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्य केंद्र पुढे पुण्यात आले. हैदराबादेत, शहराच्या नैऋत्येच्या राजेंद्रनगरला, 1988 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे कुक्कुट प्रकल्प संचालनालय स्थापन झाले. आज ते कुक्कुट संशोधन संचालनालय म्हणून ओळखले जाते.

नर वेगळे काढता आल्याने अंड्यांचा धंदा परवडू लागला, पण त्याची किंमत नर पिल्लांनी मोजली. जगात बहुतेक ठिकाणी ती पहिल्याच दिवशी मारली जातात. आपल्याकडे काही पिल्ले रंगवून रस्त्यावर खेळण्यासारखी विकली जातात आणि त्यांतली बहुतेक जगत नाहीत. जिवंत प्राण्याची ही उधळण योग्य नाही. राजेंद्रनगरच्या संशोधनातून आलेल्या परसातल्या जातींनी वेगळी वाट दाखवली आहे. वनराजा अंडी आणि मांस या दोन्हींसाठी पाळतात. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांची, पण तिचे नरही तंदुरीसाठी विकले जातात. अशा ठिकाणी नर हा तोटा ठरत नाही, म्हणून पहिल्या दिवशी निवड करण्याची निकडही उरत नाही.

युरोपात तपासणी आता कवचाच्या आत गेली आहे. 21 दिवसांच्या उबवणीत नवव्या दिवसाच्या सुमारास अंड्यातला थेंबभर द्रव काढून त्यातल्या संप्रेरकावरून लिंग ओळखता येते. तपकिरी अंड्यांच्या जातींत काही दिवसांनी कवचातून प्रकाश सोडून पिसांचा रंग पाहता येतो. नर अंडी उबवणीतून तेव्हाच बाजूला काढतात. जर्मनीने 2022 च्या आरंभापासून नर पिल्ले मारण्यावर बंदी घातली आणि फ्रान्सनेही त्यापाठोपाठ तेच धोरण स्वीकारले.