२०२० ची कोरी ओळ

या स्मरणिकेत दिवाळी किल्ले स्पर्धेच्या विजेत्यांची यादी छापली आहे. तिच्यात २०२० सालासमोरची जागा कोरी आहे. ती छपाईची चूक नाही. संपादक मंडळाला मीच तशी विनंती केली आणि त्यांनी अट घातली, "मग कारण तुम्हीच लिहून द्या." म्हणून हा लेख.

स्पर्धेची सुरुवात आपल्यापैकी जुन्या सभासदांना आठवत असेल. जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात, बोअरवेलच्या शेजारी पोरं दगडमाती रचायची, वर अळीव नाहीतर मोहरी पेरायची आणि पणत्यांच्या उजेडात मावळे उभे करायची. समोर लोहगड-विसापूर दिसत असताना कार्ल्याच्या पोरांना किल्ला चित्रात बघावा लागत नाही, हे आपलं भाग्य. पहिली काही वर्षं शाळेतले एक चित्रकलेचे सर वही घेऊन फेरी मारत आणि नंबर काढत. पुढे कोणीतरी म्हणालं की निकाल सगळ्यांनी मिळून ठरवावा. मग मिठाईच्या खोक्याला वरून खाच पाडली, गेटवर ठेवली आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या. ते बरं चाललं होतं. तक्रार एकच, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मंडळींची. ते भाऊबीज उरकून यायचे तोवर खोकं उघडलेलं असायचं.

२०२० साली कोरोनामुळे कोणी कोणाच्या दारात जाईना. किल्ले पोरांनी केलेच. फोटो मागवले, गूगल फॉर्म बनवला आणि लिंक ग्रुपवर टाकली. हे सगळं मी केलं. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाचा उत्साह! फॉर्म कोणी भरावा आणि कितीदा भरावा याचं कसलंही बंधन मी घातलं नव्हतं. आलेली मतं माझ्याच मोबाईलवर दिसत होती.

आपल्या सोसायटीत सदनिका ६४. मतं पडली ५३७.

पहिला आला माझा नातू. त्याचा प्रतापगड वाईट नव्हता, पण सगळ्यात चांगला किल्ला तळमजल्यावरच्या भाडेकरू कुटुंबातल्या मुलीचा होता, हे फोटो पाहताक्षणी मलाही कळलं होतं. तिने लोहगड केला होता. विंचूकाट्यासाठी फुटक्या कौलाचे तुकडे एकामागे एक उभे लावले होते आणि गच्चीवर जाऊन, खऱ्या विंचूकाट्याकडे बघून, त्यांचा कोन दुरुस्त केला होता. आणि मी काय करत होतो? रोज संध्याकाळी आकडे बघून ठाण्याला मुलीला फोन करायचो, "थोडी मतं कमी पडतायत गं." तिने लिंक ऑफिसात, भिशीत, नणंदेच्या सासरी, सगळीकडे फिरवली. निकालानंतर मी वेळेचा रकाना पाहिला. एका रात्री पावणेदोनच्या सुमाराला दहा मिनिटांत तीस मतं पडली होती, सगळी प्रतापगडाला. तरी मी निकाल जाहीर केला. बदलायचा म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. त्या मुलीचे वडील काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी तिने नाव दिलं नाही.

यानंतर माझ्या हाती एक जुनी गोष्ट आली आणि ती आपल्या डोक्यावरच्या डोंगरातलीच निघाली.

पाहुणे आले की एकविरा आईच्या दर्शनाला आपण त्यांना घेऊन जातो. देवळाशेजारच्या चैत्यगृहात दात्यांचे ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. त्यात वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत. ज्याने जे दिलं त्यावर त्याचं नाव. लेखांत या जागेला वलूरक म्हटलं आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या चोविसाव्या वर्षीचा एक लेख सांगतो, की इथला नऊ खोल्यांचा मंडप महासांघिकांना दिला. महासांघिक हा बौद्ध भिक्षूंचा एक पंथ. त्यांना हे नाव कसं पडलं यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत, पण एक कथा त्यांच्याच परंपरेतल्या, आज चिनी भाषांतरात उरलेल्या ग्रंथात आहे. नियमांवरून वाद झाला तेव्हा राजाने काळ्या आणि पांढऱ्या काड्या ठेवून भिक्षूंचा कौल घेतला. जुन्या नियमांच्या बाजूने काळ्या काड्या उचलणारे फार जास्त निघाले. मोठा संघ तो महासांघिक.

म्हणजे कथा खरी धरली, तर आपल्या डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंचं नावच मतमोजणीतून आलेलं! मी कितीदा त्या पायऱ्या चढलो असेन, हे ठाऊक नव्हतं.

काड्यांची पद्धत मात्र नुसती कथा नाही. पाली विनयपिटकातल्या चुल्लवग्गात तिचे तपशीलवार नियम आहेत. बहुमताने वाद मिटवण्याला 'येभुय्यसिका' आणि मताच्या काडीला 'सलाका' म्हणत. काड्या वाटून गोळा करणारा भिक्षू म्हणजे 'सलाकागाहापक'. त्याला आधी विचारायचं, मग संघापुढे ठराव मांडून नेमायचं. त्याच्या अंगी पाच गोष्टी हव्यात. आवडीमुळे, द्वेषामुळे, अज्ञानामुळे किंवा भीतीमुळे तो वाकड्या वाटेला जाणारा नसावा, हे चार. पाचवी गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं: काडी कोणी घेतली आणि कोणी घेतली नाही, हे त्याला ठाऊक असावं. २०२० साली मी या परीक्षेत पाचही विषयांत नापास होतो. नातवाची आवड होती, निकाल फिरवायची भीती होती, फॉर्मचं अज्ञान होतं आणि कोणी मत दिलं याचा तर पत्ताच नव्हता. द्वेष तेवढा नव्हता म्हणावं, तर त्या मुलीचे आकडे वाढले की मला बरं वाटत नसे, हेही खरं आहे.

काड्या घेण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या आहेत. 'गूळ्हक' म्हणजे गुप्त: काड्या वेगवेगळ्या रंगांच्या, हवी ती घे आणि कोणाला दाखवू नकोस. 'सकण्णजप्पक' म्हणजे कानात सांगून. 'विवटक' म्हणजे उघड. तिन्ही आपल्याकडे चालू आहेत. व्हॉट्सॲपवरचा पोल हा विवटक, कारण कोणी काय निवडलं ते नावानिशी सगळ्यांना दिसतं आणि अध्यक्षांनी आधी बोट लावलं की पाठोपाठ पंधरा बोटं तिथेच पडतात. जिन्यात गाठून "आमच्या बंटीला बरं का" म्हणणं हे सकण्णजप्पक.

जुनं ते सगळं आदर्श होतं असं मात्र मी म्हणणार नाही. धर्माला सोडून बोलणारा पक्ष जास्त भरतोय असं दिसलं, तर काड्या नीट घेतल्या गेल्या नाहीत असं सांगून मतदान रद्द करण्याची मुभा त्या भिक्षूला होती. आज आपल्या सर्वसाधारण सभेत असं कोणी केलं तर उपनिबंधकांकडे अर्ज जाईल. तरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात भिक्षुसंघांचा दाखला दिला होता तो उगाच नाही. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं या मातीत आधी होतं, हे त्यांनी सभागृहाला सांगितलं.

आता अलीकडे येऊ. इंडियन आयडॉलच्या पहिल्या पर्वात मार्च २००५ मध्ये आपला अभिजित सावंत जिंकला तेव्हा आपणही एसएमएस केले होते. पण या कार्यक्रमांमध्ये एका माणसाचं एक मत असं नव्हतंच. २००७ साली प्रशांत तमांगसाठी दार्जिलिंगच्या लोकांनी वर्गणी काढून एसएमएस पाठवले. त्याच वर्षी ७ जुलैला लिस्बनमध्ये 'नवी सात आश्चर्ये' जाहीर झाली आणि त्यात ताजमहाल आला. ताजसाठी देशभर मोहीम चालली होती. फोनवरून एकालाच कितीही मतं देता येत होती. युनेस्कोने आधीच स्पष्ट केलं होतं की या उपक्रमाशी आमचा संबंध नाही आणि हा कौल फक्त इंटरनेट वापरणाऱ्यांचा आहे. (आपला लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला तो मतांवर नाही, तज्ज्ञांच्या तपासणीवर. त्या मुलीची निवड तेव्हाही चुकली नव्हती.)

हौशी लोकांनी हौशी लोकांसाठी नीट चालवलेलं ऑनलाइन मतदान मला सापडलं ते विकिमीडिया कॉमन्सवर. विकिपीडियासाठी फुकट फोटो देणाऱ्यांची ही जागा. तिथे २००६ पासूनच्या फोटोंमधून 'वर्षातलं उत्तम चित्र' निवडतात. रिंगणात तेच फोटो, जे वर्षभरात निवडीची चाळणी पार करून आलेले असतात. फेऱ्या दोन. आणि मत कोणी द्यायचं? ज्याचं खातं नवीन वर्ष लागण्याआधीचं आहे आणि ज्याने तोवर किमान ७५ संपादनं केली आहेत, त्याने. स्पर्धा सुरू झाल्यावर चुलतभावाला खातं काढायला लावून उपयोग नाही. मतदार कोण, हे मतदान सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. आम्ही नेमका इथे घसरलो होतो.

मग आपल्या समितीत चर्चा झाली आणि ती सोपी नव्हती. सहकार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे एका सभासदाला एक मत. पण भाडेकरू सभासद नाहीत, आणि किल्ले तर त्यांचीच पोरं जास्त करतात. उलट निम्म्या सदनिकांचे मालक दिवाळीत इथे नसतात. शेवटी ठरलं ते असं: मत सदनिकेला. त्या दिवाळीत तिथे जो राहतो त्याचं. मालक बाहेरगावी आणि घर बंद असेल, तर मालकाचं. समितीतल्या ज्याच्या घरचं मूल स्पर्धेत आहे त्याने त्या वर्षी मतदानाला हात लावायचा नाही. म्हणून मी बाहेर.

२०२२ पासून वसुबारसेला वॉचमनच्या केबिनमध्ये ६४ बंद पाकिटं ठेवतात. प्रत्येकात सहा अक्षरांचा एक कोड. पाकिटं गंजिफ्यासारखी पिसायची आणि हाताला लागेल ते द्यायचं, म्हणजे कोणता कोड कोणाकडे गेला हे देणाऱ्यालाही कळत नाही. नोंदवहीत फक्त सही: पाकीट घेतलं. बाहेरगावच्या मालकाला समिती पाकिटाचा न उघडलेला फोटो नाही, तर पाकीटच कुरिअरने पाठवते. खर्च होतो, होऊ दे. फॉर्मवर कोड टाकायचा, तोच कोड दुसऱ्यांदा आला तर पहिलंच मत धरायचं. फोटोंचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसतो, कारण यादीत पहिला असण्याचा फायदा भलत्यालाच मिळतो. फोटोखाली नाव नाही, फक्त किल्ल्याचं नाव. आकडे शेवटच्या दिवसापर्यंत कोणालाही दिसत नाहीत, आणि मोजणी क्लब हाऊसमध्ये पोरांसमोर होते. मोजणीआधी वही उघडून किती पाकिटं गेली ते मोठ्याने वाचतात. मतं त्याहून जास्त निघाली तर मतदान रद्द. गेल्या दिवाळीत ५१ पाकिटं गेली आणि ४८ मतं आली.

तरीही एक भोक आहे. शेजाऱ्याचं पाकीट मागून आणणाऱ्याला कोणताही कोड अडवू शकत नाही.

ती मुलगी २०२३ मध्ये पुन्हा आली. स्वतः नाही, धाकट्या भावाला मदत करायला. त्यांचा तिकोना दुसरा आला. पहिल्या किल्ल्याला दोन मतं जास्त होती आणि ती कोणाची हे आम्हाला माहीत नाही.

या लेखाबद्दल नातवाला आधी विचारलं. तो आता दहावीत आहे. यादीतून नाव काढायचं म्हटल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, रात्रीची ती तीस मतं मीच टाकली होती. आईच्या मोबाईलवरून." चार वर्षं आम्ही दोघंही एकमेकांपासून हे लपवत होतो. कप त्याने स्वतः सोसायटीच्या ऑफिसात नेऊन दिला. तो सध्या खजिनदारांच्या कपाटात आहे.